पलंगाखालचा वॉकर

साठीनंतर माणसाला धक्के बसायचे थांबतात, असं मला एकाने सांगितलं होतं. सांगणारा चाळिशीचा होता. चाळिशीतली माणसं साठीबद्दल फार खात्रीने बोलतात. मला विचाराल तर माझ्या आयुष्यातले खरे धक्के साठीनंतरचेच. त्याआधी बत्तीस वर्षं मी मुंबईत ट्रंक कॉल जोडून दिले, पण तिथे धक्के इतरांना बसायचे. मी फक्त मधे तोंड घालून "तीन मिनिटं झाली" म्हणायची.

निवृत्त झाल्यावर आम्ही गिरगावातली खोली सोडून भाईंदर पश्चिमेला तळमजल्यावरचा फ्लॅट घेतला. तळमजला कोणी घेत नव्हतं, कारण डास, उंदीर आणि पावसाळ्यात घरात येणारं पाणी. आमच्या ह्यांनी मात्र हट्टाने तोच घेतला. मागच्या बाजूला कंपाउंडच्या भिंतीपर्यंत दहा-बारा पावलांची मोकळी पट्टी होती. चाळीस वर्षं चाळीच्या कठड्यावर तुळशीचा एक डबा सांभाळलेल्या माणसाला ती पट्टी म्हणजे जहागीरच वाटली. पहिल्या वर्षी ह्यांनी तिथे मिरची, वांगी, अबोली, कढीपत्ता सगळं लावलं आणि सगळं मेलं. ह्यांनी मातीची चिमूट जिभेवर ठेवली, विचार केला आणि मला म्हणाले, "चवीला बरी आहे. आमटीत चालेल."

उत्तनहून भाजीची पाटी घेऊन येणारी फिलूबाय आमच्या दाराशी टेकायची. तिने ते ऐकलं आणि कपाळावर हात मारला. आख्खं भाईंदर मिठागराच्या कडेला, इथं मिठात काय उगवणार, असं तिचं म्हणणं. मग तीच पाटीच्या तळाशी तिच्या वाडीतली माती आणायला लागली. वर भाजी, खाली माती. दोन वर्षांत पट्टीवर वीतभर गोडी माती चढली आणि पहिली मिरची लागली. त्याच महिन्यात ह्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली.

पुढची अडीच वर्षं आमचं घर म्हणजे छोटा दवाखाना होता. कमोडची खुर्ची, पाठीला टेकण, बेडपॅन आणि ॲल्युमिनियमचा वॉकर. त्या वॉकरने आमच्या संसारातलं शेवटचं भांडण लावलं. त्याच्या चारही पायांना भोकं असतात आणि एक बटण दाबलं की पाय खालीवर होतो. मी पडले आयुष्यभर बटणं दाबणारी बाई. रोज सकाळी "आज एक भोक वर करून बघू", "आज एक खाली" असं माझं चालू. ह्यांची उंची पाच फूट दोन इंच. लग्नाच्या फोटोत फोटोग्राफरने ह्यांना विटेवर उभं केलं होतं, आणि मी कुठेही गेले तरी ती वीट लोकांना सांगायला विसरत नसे. एका सकाळी मी उठले, तर वॉकरच्या पायाला बटणावरून चिकटपट्टी गुंडाळलेली आणि तिच्यावर डाव्या हाताने, लहान मुलासारख्या अक्षरात लिहिलेलं, 'हलवू नये.' त्या दोन शब्दांना ह्यांना किती वेळ लागला असेल, याचा विचार मी तेव्हा केला नाही. मी चिडले. चक्क दोन दिवस अबोला धरला. अर्धांगाच्या माणसाशी अबोला. आता आठवलं की त्या बाईला मागून जाऊन एक चापट मारावीशी वाटते.

हे गेले, त्यानंतर तेराव्या दिवशी पाहुणे पांगले, मुलगी नाशिकला परत गेली, आणि मी खोलीत त्या सगळ्या सामानासमोर बसले होते. तेव्हा ह्यांना तपासायला येणारे डॉक्टर शहा दारात उभे राहिले. त्यांना वाटलं असणार, बाई रडत असेल. मी बेडपॅन घासत होते. डॉक्टरांनी दोन गोष्टी विचारल्या. एक, कमोडची खुर्ची एका पेशंटला देणार का. दुसरी, त्यांची रिसेप्शनवरची मुलगी लग्न होऊन गेली होती, तर मी सकाळी दहा ते एक दवाखान्यात बसणार का. "तुमचा आवाज एकदम कडक छे," ते म्हणाले. "पब्लिक गप बसेल."

साठी उलटल्यावर नवी नोकरी लागली. आणि त्याच क्षणी, न ठरवता, रुग्णांना लागणाऱ्या वस्तू वापरायला द्यायचं माझं केंद्रही सुरू झालं. केंद्र म्हणजे आमची गॅलरी.

बाहेरच्यांना वाटतं, यात काय आहे? वस्तू द्यायची, परत घ्यायची. तसं नाही. बेडपॅन नुसता दिला तर म्हाताऱ्या माणसाची कातडी सोलवटते, काठाला पावडर लावायला शिकवावं लागतं. पाण्याची गादी गच्च भरली तर पेशंट चेंडूसारखा घरंगळतो. खुर्चीच्या पायांचे रबरी बूट झिजले की ती लादीवर सटकते, आणि आमच्याकडच्या खाऱ्या हवेत तर स्क्रू महिन्याभरात गंजून बसतात. वॉकरचं तर शास्त्रच आहे. माणसाला सरळ उभं करायचं, हात सैल सोडायला सांगायचे, आणि मूठ बरोबर मनगटाशी आली पाहिजे. उंच झाला तर खांदे वर चढतात, बुटका झाला तर माणूस वाकतो आणि वाकलेला माणूस तोंडावर पडतो. मी टेप घेऊन प्रत्येक पेशंटच्या घरी जायची. शिंपीण आली म्हणायचे लोक.

डॉक्टरांची पद्धत अशी की गरज असेल त्याला ते चिठ्ठी द्यायचे, 'वॉकर एक' किंवा 'खुर्ची एक'. घरचं माणूस चिठ्ठी घेऊन माझ्याकडे यायचं. मी मागे 'आहे' किंवा 'नाही' लिहायची आणि चिठ्ठी डॉक्टरांकडे परत जायची. अनामत, भाडं काही नाही. मात्र एक अट होती. गावी गेलात की मला पिशवीभर माती आणायची. चिपळूण, सातारा, मालवण, विरारच्या वाड्या, कुठलीही चालेल. गावी जाऊन आलेली माणसं आंबे आणायची नाहीत, पण माती आणायची. माझ्या त्या पट्टीत आठ तालुके नांदत होते. पाणी एक दिवसाआड तासभर यायचं, म्हणून तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं, अंघोळीचं, सगळं झाडांना. आणि टवके उडालेले, पेशंटला देण्याजोगे न राहिलेले इनॅमलचे बेडपॅन फेकवेनात, म्हणून मी त्यात पुदिना लावला. बेडपॅनला पुदिना इतका मानवतो की काय सांगू. खोली बेताची, पाण्याचा निचरा उत्तम. आमच्या भजनी मंडळाच्या बायका वर्षभर माझ्याकडची पुदिन्याची चटणी मिटक्या मारत खात होत्या. मग एकीच्या सासूला झटका आला आणि तिने बेडपॅन पहिल्यांदा डोळ्यांनी बघितला. ती माझ्या बागेत आली, कुंड्यांच्या रांगेकडे बघितलं, आणि तिचा चेहरा जो काही झाला, त्यासाठी मी दुसरा एक जन्म घ्यायला तयार आहे. मंडळात माझं नाव पंधरा दिवस कोणी घेतलं नाही. सोळाव्या दिवशी चटणीची आठवण आली असणार.

तशी गिऱ्हाइकंही एकेक. एका घराने कमोडची खुर्ची दीड वर्ष परत केली नाही. पुढे त्यांच्याच मुलीला बघायला पाहुणे आले, मला शेजारीण म्हणून बोलावलं. बघते तर नवऱ्या मुलाचे मामा मधोमध ऐसपैस बसून पोहे खातायत, आणि उशीखालून, भरतकामाच्या चादरीखालून, मी केंद्राच्या वस्तूंवर टाकते तो लाल रंगाचा आकडा दिसतोय, सात. माझ्या घशात पोहे अडकले. त्या वेळची मी इतकी आगाऊ की सांगून टाकणारच होते. मुलीच्या आईने माझ्याकडे असं बघितलं की मी पाणी मागून घेतलं. लग्न झालं, दोन मुलंही झाली. मामांना अजून माहीत नसावं. ते दिवाळी अंक वाचत नसतील अशी आशा आहे.

पण मोठी चूक मी सुरुवातीलाच केली होती. पहिल्याच वर्षी एक गृहस्थ टोपी घालून पाठीचं टेकण परत द्यायला आले. मी ट्रंक कॉलच्या आवाजात विचारलं, "काय, झाल्या ना आई ठणठणीत?" त्यांनी टोपी काढली. डोक्याचं मुंडण केलेलं होतं. मला जमीन दुभंगेल तर बरं असं झालं. त्या दिवसापासून मी नियम केला, परत आलेल्या वस्तूबद्दल विचारायचं नाही. समोरच्याने सांगितलं तर ऐकायचं.

न विचारता कळून घ्यायची मग सवय लागली. वस्तू घासूनपुसून, हसत आणून दिली की पेशंट बरा. पिशवीत घाईघाईने कोंबून, उरलेल्या औषधांच्या बाटल्यांसकट आली की गेला. मी स्वतःला या विद्येतली पंडित समजायला लागले. डॉक्टरांनाही सांगायची, "तिसऱ्या गल्लीतले आजोबा गेले हं." ते चाट पडायचे, कारण त्यांना दुपारपर्यंत कळलेलं नसायचं.

सगळं दिलं मी, पण ह्यांचा वॉकर दिला नाही. केंद्रात पुढे दोन वॉकर आले, लोकांनी दिलेले. त्यांना एक आणि दोन नंबर टाकले. ह्यांचा पलंगाखाली होता, चिकटपट्टीसकट, जुन्या नऊवारीत गुंडाळून. त्याला नंबर नव्हता. संध्याकाळी झाडांना पाणी घालून आले की कधीकधी वाकून बघायची. आहे ना? आहे.

मग एके दिवशी इंद्रलोक वसाहतीतून नाना परुळेकरांच्या मुलाने, सुभाषने, चिठ्ठी आणली. नाना म्हणजे शाळेतले निवृत्त ड्रॉइंग मास्तर, बायको आधीच गेलेली, पूर्वेला मुलासुनेकडे राहणारे. दवाखान्यात यायचे तेव्हा दारातून आत येताना डोकं वाकवायचे, इतके उंच. गुडघे गेलेले. चिठ्ठीवर होतं, 'वॉकर एक.' एक आणि दोन नंबर बाहेर गेलेले होते. मी पेन घेतलं. पलंग माझ्यापासून चार पावलांवर होता. मी लिहिलं, 'नाही.'

सुभाषने आभार मानले. नसलेल्या वस्तूबद्दल आभार मानणारी माणसं मला अजून सहन होत नाहीत.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी ती चिठ्ठी वाचली आणि माझ्याकडे बघितलं. माझ्या घरात तिसरा वॉकर आहे हे त्यांना माहीत होतं, त्यांनीच तो ह्यांना लिहून दिला होता. ते पुढचा पेशंट बोलवा म्हणाले. मी बोलावला. आवाज कडक होताच.

त्या 'नाही'नंतरचा नववा दिवस होता. डॉक्टर उशिरा आले आणि कोट काढता काढता म्हणाले, "परुळेकर मास्तर बाथरूममां पडी गया. खुब्यानू हाड." घाई झाली की त्यांची मराठी अशी अर्ध्यात गुजरातीत शिरायची. मला ते नीट ऐकूच आलं नाही असं वाटलं. मी रजिस्टरमध्ये पेशंटचं नाव लिहीत होते ते लिहून पूर्ण केलं. मग उठून मोरीत गेले आणि नळ सोडून उभी राहिले. नळाला पाणी नव्हतं.

खुब्याचं हाड त्या वयात मोडलं की बरेच जण बिछान्यावरून उठत नाहीत, हे मी केंद्रात बसून पुरेसं पाहिलेलं होतं. नानांचं ऑपरेशन झालं. ते घरी आल्याचं कळलं त्या दिवशी मी पलंगाखालून वॉकर ओढला, रिक्षात घातला आणि इंद्रलोकला गेले. दार सुभाषने उघडलं. आतल्या खोलीतून नानांचा खोकला ऐकू आला. मी वॉकर त्याच्या हातात दिला, "मिळाला एक" म्हटलं, आणि त्याच रिक्षाने परत आले. टेप पिशवीत होती. ती मी बाहेर काढली नाही. आख्ख्या भाईंदरची मनगटं मोजणारी बाई त्या एका माणसाच्या समोर उभी राहू शकली नाही.

पुढे सहा महिने मी नानांना तोंड दाखवलं नाही. डॉक्टरांना आडून विचारायची. ते म्हणायचे, "चालतायत. थोडे वाकलेत." वय झालं, वाकणारच, असं मी मनाशी म्हणायची आणि बागेत जाऊन तण उपटायची. त्या वर्षी माझ्या बागेत तण म्हणून राहिलं नव्हतं. श्रावणात माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्या काळी दीड महिना घरी बसवत. डोळ्यावर हिरवी पट्टी, दवाखाना बंद, जगाची खबर बंद.

पट्टी निघाली आणि नवरात्र आलं. ह्यांच्या पश्चात घट बसवू नयेत असं काहींचं मत होतं. मी बसवले. माती आठ तालुक्यांची असल्यावर घटावरचं धान काय तरारून येतं! चौथ्या माळेच्या सकाळी मी देवापुढून उठले, दूध घ्यायला दार उघडलं, आणि दाराबाहेर वॉकर उभा.

पायाला चिकटपट्टी. 'हलवू नये.'

बेल वाजली नव्हती. कोणी आत आलं नव्हतं. वॉकर स्वच्छ पुसलेला होता, पण त्याच्या दांडीला एक पिशवी अडकवली होती आणि पिशवीत तांबडी, कोकणातली माती होती. मी खाली बसले, दारातच. दुधाची पिशवी हातात. पंडिताला सगळं लगेच कळलं. घरात घट बसलेले, त्या घरात सुतकातला माणूस पाऊल टाकत नाही, म्हणून वस्तू बाहेर ठेवून गेला. आणि माती कोकणातली, म्हणजे पुढचे विधी करायला गावी नेलं असणार आणि येताना बिचाऱ्याने माझी अट पाळली असणार. बापाची राख सोडून आलेला मुलगा माझ्यासाठी माती घेऊन आला.

मला रडूसुद्धा येईना. डोक्यात एकच हिशोब फिरत होता, मी 'नाही' लिहिलं आणि नवव्या दिवशी तो माणूस पडला. चार पावलं. मी चार पावलं चालले असते तर.

विचारायचं कोणाला? डॉक्टर गरब्यासाठी सहकुटुंब गावी गेलेले. परुळेकरांकडे फोन नाही. बत्तीस वर्षं साऱ्या मुलखाला एकमेकांशी जोडून दिलं, आणि स्टेशनपलीकडच्या घरात काय झालंय ते कळायला मला मार्ग नव्हता.

आपल्याकडे मेलेल्या माणसाच्या घरी चूल पेटत नाही, शेजारी पिठलं-भात करून नेतात. मी पिठलं-भात केला. दिवस उलटून गेलेत की नाही, हे कळण्याइतकी मी भानावर नव्हते. पिठल्यात मीठ घातलं की नाही, हेही आठवेना. पांढरं पातळ नेसले, डबा घेतला आणि निघाले. घट बसलेल्या घरातली बाई, सुतकाच्या घरी. देवीला म्हटलं, आल्यावर अंघोळ करीन, तोवर तू जरा भिंतीकडे तोंड कर.

फाटकाशी फिलूबाय पाटी उतरवत होती. माझा अवतार बघून तिने विचारलं, कोण गेला. मी सांगितलं.

"कोन सांगला तुला?"

"कोणी नाही. वॉकर दारात होता."

"मं तू बगितला का त्याला?"

"नाही गं."

"कोन सांगला न्हाय, कोन बगितला न्हाय, मं मेला कसा?" फिलूबाय म्हणाली. "जा, बगून ये आदी. पिठला काय पलून जात न्हाय."

मला तिचा राग आला. हिला काय कळतंय सोयर-सुतकातलं, असं त्या शहाण्या बाईच्या मनात आलं. त्या शहाण्या बाईला मी अजून क्षमा केलेली नाही.

इंद्रलोकला दुसऱ्या मजल्यावर चढताना मी वाक्य पाठ करत होते. "सुभाष, माझ्याकडे वॉकर होता. मी खोटं लिहिलं." एवढंच. रडायचं नाही, कारणं द्यायची नाहीत. बेल वाजवली. आतून काठीचा आवाज आला, टक, टक. कोणीतरी पाहुणे म्हातारे असतील म्हटलं.

दार नाना परुळेकरांनी उघडलं.

ते काठीवर टेकून, कंबरेत वाकून, मान वर करून माझ्याकडे बघत होते. माझ्याहून हातभर उंच असलेला माणूस खालून वर बघत होता.

"तुम्ही कसे?" मी म्हटलं. याहून मूर्ख प्रश्न बत्तीस वर्षांत कोणी ट्रंक लाइनवर विचारला नसेल.

"मी बरा आहे की," नाना म्हणाले. "तुम्ही जरा पांढऱ्या दिसताय."

"वॉकर दारात होता."

"हो. सुभाष ठेवून आला ऑफिसला जाताना. आता काठीवर भागतं ना माझं."

"तो आत नाही आला."

"कसा येणार? तुमच्याकडे घट असतात हे ठाऊक आहे त्याला. आणि आम्हाला सोयर. नातू झाला, आज पाचवा दिवस, सूनबाई माहेरी कुडाळला आहे. सुभाष बघून आला, तुमची मातीसुद्धा घेऊन आला."

जन्मलं तरी दहा दिवस, मेलं तरी दहा दिवस, तीच शिवाशिव, तेच दाराबाहेर थांबणं. हे मला लहानपणापासून माहीत होतं. पण ते मूल होऊ शकतं, हे माझ्या डोक्यात एका क्षणासाठीही आलं नव्हतं. मला मेलेलंच माणूस हवं होतं, कारण मीच ते मारलेलं होतं.

नानांचं लक्ष डब्याकडे गेलं. मग पातळाकडे. मग पुन्हा डब्याकडे. ड्रॉइंग मास्तर होते, त्यांना चित्र पूर्ण करायला वेळ लागला नाही.

"पिठलं का?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

"माझं?"

ते इतके हसले की मला त्यांना धरून खुर्चीवर बसवावं लागलं. डोळ्यांतून पाणी. मग म्हणाले, डबा उघडा, स्वतःचं पिठलं गरम गरम खायचा योग किती जणांना येतो. त्यांनी दोन ताटल्या घेतल्या. सोयराच्या घरी, घट बसलेल्या बाईने, जिवंत माणसाच्या नावाने केलेलं पिठलं त्याच्याच शेजारी बसून खाल्लं. मीठ नव्हतंच. नानांनी बरणी पुढे केली.

ती बरणी हातात घेऊन मी पाठ केलेलं वाक्य बोलले. वॉकर होता, पलंगाखाली. मी खोटं लिहिलं. तुम्ही पडलात ते माझ्यामुळे.

नानांनी घास संपवला. "पडलो ते साबणावरून," ते म्हणाले. "तेव्हा वॉकर असता तरी मी बाथरूममध्ये नेला नसता. लाज वाटायची." पुढचा घास घेत म्हणाले, "किंवा नेला असता. आता कसं कळणार, वहिनी."

त्यांनी मला सोडवलं नाही, आणि हे मला बरं वाटलं. सोडवलं असतं तर विश्वास बसला नसता.

मग मी, सवयीने, त्यांच्या पाठीकडे बघून म्हटलं की खुब्याच्या हाडाने माणूस इतका वाकत नाही, व्यायाम करता का नाही.

"वॉकर बुटका होता," नाना म्हणाले. "सहा महिने वाकून चाललो, तशीच सवय लागली. जाईल हळूहळू, डॉक्टर म्हणतात."

मला काही कळेना. बटण दाबलं की पाय वर होतो. सुभाषला कोणी सांगितलं नाही का? माझ्याकडे निरोप का नाही पाठवला?

"त्यावर लिहिलेलं होतं ना, हलवू नये." नानांनी ताटलीवर बोटाने दोन अक्षरं काढून दाखवली, तिरकी, थरथरती. "चाळीस वर्षं मुलांची अक्षरं बघितली मी. हे डाव्या हाताने लिहिलेलं आहे, मोठ्या माणसाने, फार कष्टाने. सुभाष पट्टी काढायला निघाला होता. मी म्हटलं, राहू दे. कोणाचं तरी मोठं काम असणार ते."

ती सूचना माझ्यासाठी होती. फक्त माझ्यासाठी, माझ्या वळवळणाऱ्या बोटांसाठी. जिच्यासाठी लिहिली होती तिने दोन दिवस अबोला धरला, आणि ज्याचा काही संबंध नव्हता असा सहा फुटी माणूस सहा महिने ती पाळत पाच फूट दोन इंचांवर चालला. मी त्यांना हे सगळं सांगितलं, विटेसकट. ते पुन्हा हसले. मी हसले का रडले ते आठवत नाही. दोन्हीला तोंड एकच असतं.

घरी आले, अंघोळ केली, देवीला सरळ व्हायला सांगितलं. कुडाळची माती मोगऱ्याला घातली. मग वॉकर घेऊन पायरीवर बसले आणि खोबरेल तेलाच्या बोटाने पट्टी सोडवली. वेळ लागला. सगळा वॉकर खाऱ्या हवेने करडा पडला होता, पट्टीखालचं बोटभर ॲल्युमिनियम मात्र दुकानातून आणल्यासारखं चकचकीत होतं. बटण गंजून बसलेलं. फिलूबायने कोयत्याच्या मुठीने एक ठोका घातला तेव्हा पाय सुटला. लाल रंगाने मी त्यावर तीनचा आकडा काढला.

पट्टी टाकवेना. बागेत बेडपॅनमधल्या पुदिन्यात एक काडी रोवली आणि तिला ती गुंडाळली. अजून आहे. अक्षर उडालंय.

दसरा झाल्यावर डॉक्टर परत आले. दवाखाना उघडला त्याच दिवशी संध्याकाळी बेव्हर्ली पार्कहून एक बाई चिठ्ठी घेऊन आल्या. 'वॉकर एक.' मी पेन घेतलं, चिठ्ठी उलटी केली आणि लिहिलं, 'आहे. पेशंटची उंची कळवावी.'